साचे राहिले म्हणून

दार लागेना.

आदल्या रात्रीपर्यंत बोटाने ढकललं तरी मिटणारं दार आता वरच्या मागच्या कोपऱ्यात घासत होतं. मी फीलर गेज घेतला आणि फटीतून सरकवत गेले. खाली पाच मिलिमीटर, मध्ये साडेतीन, वर जेमतेम दीड. बाहेर ऑक्सफर्डशरमधला जानेवारीचा पाऊस होता आणि गॅरेजात एक हीटर. चार स्टँडवर १९६८ सालची एमजीबी उभी होती. तिच्या डाव्या दाराखालचा सबंध पट्टा मी दोन दिवसांपूर्वी कापून काढला होता. ग्राइंडर आत जाईना म्हणून त्या दिवशी सकाळी दाराच्या चौकटीत आधाराला लावलेला आडवा बारही सोडवला होता. तासाभराचं तर काम आहे, मग परत लावू, असा विचार केला. त्या तासाभरात गाडी मधून खचली.

दारावर चिकटपट्टी लावून तिच्यावर मी सुरुवातीलाच सगळी मापं पेन्सिलीने लिहून ठेवली होती. ती होती म्हणून कळलं तरी. नाहीतर गाडी त्याच वाकड्या अंगाने वेल्ड झाली असती आणि पुढे कधीच सरळ झाली नसती.

एमजी म्हटलं की आज आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यासमोर हेक्टर येते. २०१९ साली ती भारतात आली, गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यात बनू लागली आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर तो अष्टकोनी बिल्ला सगळीकडे दिसायला लागला. या नावाची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे. पण ती दोन अक्षरं मुळात ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजची. विल्यम मॉरिस यांचं ‘मॉरिस गॅरेजेस’. १९२२ साली तिथे व्यवस्थापक झालेल्या सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी हा वेगळा ब्रँड उभा राहिला. १९२९ साली कारखाना ॲबिंग्डनला, चामड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात गेला. पुढची एक्कावन्न वर्षं तिथून खुल्या टपाच्या दोनआसनी गाड्या बाहेर पडत राहिल्या. त्यातली सर्वांत जास्त खपलेली म्हणजे एमजीबी. सप्टेंबर १९६२ ते ऑक्टोबर १९८० या अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

ही श्रीमंतांची गाडी कधीच नव्हती. शिक्षक, परिचारिका, नुकतीच नोकरी लागलेला कारकून अशी माणसं ती घ्यायची. इंजिन १७९८ सीसीचं, ताकद ९५ अश्वशक्ती. आजच्या मोजमापाने हे आकडे किरकोळ वाटतील, पण गाडीचं वजन नऊशे-सव्वानऊशे किलो आणि आपण बसतो रस्त्यापासून वीतभर उंचीवर. ताशी पन्नास मैलांचा वेग तिथे अंगावर येतो. १९६३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जवळजवळ हीच गाडी, लांबट नाक बसवून, बाराव्या क्रमांकावर आली होती. बाजारातून घेतलेल्या गाडीच्या सख्ख्या बहिणीने एवढं करावं, याचं मला अजून अप्रूप आहे.

मी मूळची कोल्हापूरची. मामांचं गॅरेज उद्यमनगरात. शाळेच्या सुट्टीत मी तिथे दिवा धरायचे. लांब वायरीचा, जाळीतला बल्ब. ‘दिवा हलवू नगंस’ हे वाक्य लहानपणी मी जेवढं ऐकलं तेवढं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. पुढे शिकले, नोकरीनिमित्त इकडे आले, आणि ॲबिंग्डनपासून बारा मैलांवर घर झालं. तो कारखाना एवढ्या जवळ होता हे घर घेताना मला ठाऊकही नव्हतं. गाडी मिळाली ती शेजारच्या गावातल्या एका धान्याच्या कोठारात. वीस वर्षं ताडपत्रीखाली. लाल रंग, चारी चाकं आऱ्यांची, टप फाटलेला. मालकीणबाईंनी किल्ली हातात देताना सांगितलं की त्यांच्या यजमानांनी ती पन्नाशीनंतर घेतली आणि तिच्यातून ती दोघं एकदा स्कॉटलंडपर्यंत जाऊन आली होती.

जुन्या गाडीचा लाल रंग बघून भुलू नये, हे मामांचं सांगणं. ‘आधी चुंबक लाव. पत्रा असंल तिथं चिकटंल, लांबी असंल तिथं खाली पडंल.’ लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. मी चुंबक लावला. मागच्या चाकावरच्या कमानीला चुंबक चिकटला नाही, पुढच्या विंगच्या खालच्या टोकालाही नाही. दाराखालच्या पट्ट्याला मात्र छान चिकटला आणि मी निर्धास्त झाले. तिथेच फसगत होती.

एमजीबीला वेगळी चासी नाही. तिच्या आधीच्या एमजीएला होती. मजबूत लोखंडी सांगाडा आणि त्यावर ठेवलेली बॉडी. एमजीबीमध्ये बॉडी हाच सांगाडा. आता टपाच्या गाडीला वरून छताची कमान नसते, म्हणजे पुढचं धड आणि मागचं धड जोडून ठेवायचं काम खालच्या अंगालाच करावं लागतं. मधला गिअरबॉक्सचा बोगदा, फरशी, आणि दोन्ही दारांखालचे ते पट्टे, ज्यांना इकडे ‘सिल’ म्हणतात. बाहेरून दिसतो तो एक साधा गोलसर पत्रा. आत मात्र थरावर थर. बाहेरचा सिल, मधोमध उभा पडदा, आतला सिल, आणि तळाला ‘कॅसल सेक्शन’ नावाचा, किल्ल्याच्या तटासारख्या वळणावळणांचा पत्रा. चौघे मिळून एक पोकळ तुळई होते. गाडीचा कणा म्हणतात तो हाच.

आणि हा कणा आतून सडतो. पुढचं चाक चिखल उडवतं, तो विंगच्या मागच्या पोकळीत साठतो. पाणी निघून जायला ठेवलेली छिद्रं त्या चिखलाने बुजतात. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते त्यात मिसळतं. वर्षानुवर्षं ही ओली माती पत्र्याला लागून राहते. बाहेर रंग तसाच चकचकीत असतो. मग कोणीतरी गॅरेजवाला सडका पट्टा न काढता त्यावरच नवा पत्रा ठोकून देतो, कडेने चार टाके मारतो, लांबी भरतो, रंग देतो. माझ्या गाडीवर असे दोन थर होते. म्हणून चुंबक चिकटला. वरचा थर ग्राइंडरने उघडला तेव्हा खालून तपकिरी भुगा ओंजळभर बाहेर पडला. त्यात एक ओबडधोबड जाळी होती, लांबीला धरून ठेवायला कोंबलेली. ज्या कण्यावर दोन माणसांचा जीव तोलून असतो तिथे हे करणाऱ्याबद्दल मला आजही राग आहे.

सिल बदलायचं काम घरी होतं का? होतं. पण त्याला क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. पुढची विंग बोल्टांची असते, ती उतरवायची. मागची वेल्ड केलेली असते, तिचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल तिच्या आतून पुढे गेलेला असतो. पेट्रोलची टाकी काढून गॅरेजबाहेर ठेवायची. बॅटऱ्या काढायच्या. या गाडीला सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात. दार बसवून फटी मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. मगच दाराच्या चौकटीत लोखंडी बार आडवे-तिरपे वेल्ड करून ती जखडायची. एका वेळी एकच बाजू. पत्रा साधारण एक मिलिमीटरचा, त्यामुळे सलग वेल्डिंग केलं की तो तापून लाटांसारखा उठतो. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पुन्हा मध्ये, आणि मध्येमध्ये हात लावून गार झालं का बघायचं. आपल्याकडे ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात तेच हे. मी त्यासाठी इथल्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग केला, आणि तिथे महिनाभर भंगारच्या पत्र्यावर नुसते टाके मारले.

एवढं शिकूनही मी तो बार सोडवला. दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. फरशीखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक घेतला. दिवसातून दोनदा पाव फेरा, मग फट मोजायची. मारलेले टाके परत कापले. खालीवर पाच-पाच झाल्यावर बार पुन्हा जखडला आणि मगच नवा पडदा, नवा कॅसल सेक्शन, नवा सिल. ज्या संध्याकाळी बार काढल्यावरही दार ‘खट्’ करून एका आवाजात लागलं, त्या संध्याकाळी मी ते वीसेक वेळा उघडून मिटलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ‘नवा सिल’ हे दोन शब्द मी सहज लिहिले. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा नवा सिल येतो कुठून?

एमजीबीच्या बॉड्या स्विंडनला प्रेस्ड स्टील कंपनीत बनायच्या. प्रचंड प्रेस, खाली-वर पोलादी साचे, मध्ये सपाट पत्रा. १० सप्टेंबर १९७९ च्या सोमवारी एमजीची तेव्हाची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडने ॲबिंग्डन बंद करण्याचं जाहीर केलं. कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावाने नुकताच सोहळा साजरा केला होता, आणि त्याच्या पाठोपाठ ही बातमी. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. अशा वेळी साच्यांचं जे होतं ते आपल्या ओळखीचं आहे. ते गोदामात पडतात, मग उघड्यावर, आणि मग टनाच्या भावाने वितळायला जातात.

इथे तसं झालं नाही. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ नावाची संस्था १९७५ पासून होती. तिथल्या डेव्हिड बिशप यांनी हे जुने साचे आणि बॉडी जुळवायचे सांगाडे शोधून काढले, गोळा केले, दुरुस्त केले. १९८८ साली फॅरिंग्डनला त्या मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा तयार होऊ लागली. गाडी बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! पुढे हे काम विटनीला गेलं. आजही तिथून नवी बॉडी मागवता येते, आणि सुटा पत्राही. १९९२ साली रोव्हर कंपनीने एमजी आरव्ही८ नावाची गाडी काढली ती याच पुनर्जन्म घेतलेल्या बॉडीच्या आधाराने. त्यातल्या बहुतांश गाड्या जपानने विकत घेतल्या.

बाजारात इतर कोणी अंदाजाने वळवलेले स्वस्त पत्रेही मिळतात. मी एक घेऊन पाहिला. तो बसवायला दोन दिवस कानस आणि हातोडी चालवावी लागली. मूळ साच्याचा पत्रा वीस मिनिटांत जागेवर बसला. त्याची भोकंसुद्धा जुन्या भोकांवर आली. घरच्या गॅरेजात, रविवारच्या फुरसतीत, माझ्यासारखी नोकरदार बाई मोटारीचा कणा बदलू शकली याचं श्रेय माझ्या हातांना फार थोडं आहे. कोणीतरी ते साचे भंगारात जाऊ दिले नाहीत, म्हणून हे झालं.

कागदांचंही तसंच. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. चासी नंबर आणि फी पाठवली की ते त्या नोंदींवरून दाखला देतात. गाडी कधी बनली, कुठे पाठवली, मूळ रंग कोणता. इंजिन काढल्यावर मला आतल्या पत्र्यावर, लाल रंगाच्या फवाऱ्यातून सुटलेला तळहाताएवढा एक तुकडा दिसला होता. फिक्कट पिवळा. ताज्या लोण्यात हळदीचं बोट बुडवावं तसा. मला वाटलं प्रायमर असेल. दाखला आला त्यावर लिहिलं होतं, ‘पेल प्रिमरोज’. म्हणजे ही गाडी कधी लाल नव्हतीच. त्या क्षणी रंगाचा प्रश्न मिटला. लाल रंग जास्त खपतो असं मला चार जणांनी सांगितलं, पण ती ज्या रंगाची जन्मली त्याच रंगाची व्हावी असं मला वाटलं.

आता इंजिनाकडे येते, कारण इथून हा लेख कोल्हापूरला जातो.

इंजिन उतरवून बाकावर ठेवलं त्या दिवशी मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गॅरेज मुलाकडे सोपवलंय, तरी सकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात. मी फोन इंजिनाभोवती फिरवला. ते काहीच बोलेनात. मग म्हणाले, ‘अगं, हे तर ॲम्बॅसेडरचं इंजिन हाय की!’

मला वाटलं वयामुळे गल्लत होतेय. गल्लत माझी होती. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, तेच ते मॉरिस गॅरेजेसवाले मॉरिस. आणि उत्तरपाड्याच्या कारखान्याने तिच्यात दशकानुदशकं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी-सीरिज’. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही बी-सीरिजच. पिस्टनचा स्ट्रोक दोन्हींचा एकच, ८८.९ मिलिमीटर. बोअर तेवढा ७३ वरून ८०.२६ वर नेला. म्हणजे माझ्या लहानपणी मी ज्या इंजिनावर दिवा धरून उभी राहायचे, त्याचाच थोरला भाऊ मी इंग्लंडात बाकावर मांडून बसले होते.

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. इकडे सकाळ, तिकडे दुपारची जेवणं झालेली. मामा बघायचे आणि मी करायचे.

‘टॅपेट किती ठेवतीस?’

‘पुस्तकात पंधरा थाऊ दिलंय, मामा.’

‘बराबर. आन् नऊची बेरीज ठाव हाय का?’

नव्हती. टॅपेट म्हणजे वॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या इंजिनाला एका ओळीत आठ वॉल्व्ह. आठ नंबरचा पूर्ण दाबला गेला की एक नंबरचा पूर्ण सैल असतो, तेव्हा एकचं अंतर तपासायचं. सात दाबला की दोन, तीन दाबला की सहा. दोन्ही आकड्यांची बेरीज कायम नऊ. पुस्तकात यासाठी एक तक्ता आहे, मी तो बोट ठेवून वाचत होते. मामांनी हे पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. त्यांच्या उस्तादांनी तोंडी सांगितलं, त्यांनी माझ्या मामेभावाला सांगितलं, आणि आता मला. फीलर गेजचं पातं सरकवताना ते ‘लोण्यातून सुरी जाती तसं नगं, जरा धरून सोडल्यासारखं’ लागलं पाहिजे, हेही त्यांचंच. हा जो ‘धरून सोडल्यासारखा’ स्पर्श आहे तो मला कुठल्याच मॅन्युअलात सापडला नाही.

पुढच्या खेपेला कोल्हापूरला गेले तेव्हा मामांनी त्यांचे इंची पाने माझ्या बॅगेत घातले. हाफ इंच, सेव्हन-सिक्स्टीन, नाइन-सिक्स्टीन. या गाडीला मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. चालवले तर नटाचे कोपरे झिजतात. प्रत्येक पान्यावर पंचाने मारलेले तीन ठिपके आहेत, गॅरेजातली हत्यारं शेजारच्या गॅरेजात जाऊ नयेत म्हणून केलेली खूण. नाइन-सिक्स्टीनचा रिंग पाना एका बाजूला अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालाय. माझा अंगठा तिथे बरोबर बसतो.

सगळ्यांत जास्त शिकले ते कार्ब्युरेटरवर. एमजीबीला एसयूचे दोन असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, स्किनर बंधूंनी काढलेली कंपनी. जुन्या ॲम्बॅसेडरवर एसयूच असायचा, एकटा. त्याची रचना इतकी सुंदर आहे की ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वर एक पितळी टोपीची घंटा, तिच्या आत वर-खाली सरकणारा पिस्टन, पिस्टनला खाली लावलेली निमुळती सुई, आणि ती सुई एका बारीक जेटमध्ये उतरलेली. इंजिनाने हवा जास्त ओढली की पिस्टन आपोआप वर उचलला जातो. त्याबरोबर सुई वर येते, आणि ती निमुळती असल्याने जेटमधली वाट रुंदावते, पेट्रोल जास्त येतं. हवा कमी झाली की सगळं खाली. मंद चालण्याला वेगळा जेट नाही, वेगाला वेगळा नाही. एकच जेट, एकच सुई. पिस्टन झटक्याने उडू नये म्हणून वरच्या नळीत थोडं पातळ तेल घालतात. बस्स.

दोन कार्ब्युरेटर असले की दोघांनी सारखी हवा घ्यायला हवी. त्यासाठी यंत्र मिळतं, पण मामांना रबरी नळीच लागते. नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पुढच्याचा सुसकारा ऐकायचा, मग मागच्याचा. दोन्ही सुसकारे एका सुरात आले की हवा सारखी. मग पेट्रोल. पिस्टन किंचित उचलायला खाली एक छोटी पिन असते. ती केसभर वर दाबायची. इंजिन जोरात पळू लागलं आणि तसंच पळत राहिलं तर पेट्रोल जास्त. दम तोडायला लागलं तर कमी. क्षणभर वेग वाढून परत जागेवर आलं तर बरोबर.

मी फोन बॉनेटवर ठेवला होता. मामा डोळे मिटून ऐकत होते.

‘मागचा उपाशी हाय.’

पिन दाबली. इंजिन धापा टाकू लागलं.

‘जेटचा नट एक पैलू खाली घे. एकच.’

घेतला. पिन दाबली. आवाज क्षणभर चढला आणि बसला. साडेचार हजार मैलांवरून, फोनच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून, त्यांना एका पैलूचा फरक ऐकू आला होता.

बाकीचं चटकन सांगते. किंगपिनला दर तीन हजार मैलांना ग्रीस भरावं लागतं, आधीच्यांनी भरलं नव्हतं, ते पूर्ण बदलले. ब्रेकच्या नळ्या सगळ्या नव्या. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या, कारण इथे २०२१ पासून पंपावर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि जुनं रबर त्याने विरतं. आपल्याकडे तर आता वीस टक्के आहे, तेव्हा ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी या नळ्या हाताने दाबून बघाव्यातच. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी वॉल्व्हच्या बैठका कडक पोलादाच्या बसवल्या. रंग मात्र मी घरी दिला नाही. ते काम पेंटरचं, आणि त्याच्या हाताला मोल आहे.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ताकर माफ आहे, आणि मे २०१८ पासून मूळ रचना फारशी न बदललेल्या अशा गाडीला वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरी मी दरवर्षी तपासून घेते. स्वतः केलेल्या ब्रेकवर दुसऱ्या कोणाची नजर पडायला हवी. भारतातही २०२१ साली केंद्राने नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. रोजच्या वापराला मनाई आहे, मेळावे, प्रदर्शनं, देखभाल एवढ्यालाच रस्त्यावर आणता येते. मला हा नियम स्वागतार्ह वाटतो. जुन्या गाडीला कायद्यात स्वतःची जागा मिळाली, ही सुरुवात मोठी आहे.

चौथ्या हिवाळ्यानंतरच्या मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. पहिली फेरी कुठे न्यायची याचा विचारच करावा लागला नाही. टप मागे टाकून मी ॲबिंग्डनला गेले. कारखाना उरलेला नाही, त्या जागी ऑफिसं आणि गोदामं आहेत. पण रस्त्याला किंबर यांचं नाव आहे, आणि गावात एमजी कार क्लबची कचेरी आहे. तिथे त्या रविवारी पंधरा-वीस गाड्या जमल्या होत्या. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ माझ्या गाडीपाशी येऊन थांबले. सोळाव्या वर्षी ते इथे कामाला लागले होते. त्यांनी सांगितलं की ॲबिंग्डनला सरकता पट्टा नव्हताच. एका टप्प्याचं काम झालं की माणसं गाडी हाताने पुढे ढकलायची. ‘म्हणजे प्रत्येक गाडीला आमचा हात लागलेला आहे,’ असं म्हणून ते वाकले आणि सिलच्या खालून बोटं फिरवत नेली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. मग दार उघडलं आणि मिटलं. ‘खट्.’ त्यांनी मान डोलावली. परतताना मी मामांना तो आवाज पाठवला.

ॲम्बॅसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. या गाड्या ज्यांनी बनवल्या आणि ज्यांनी चालत्या ठेवल्या, ती माणसं अजून आपल्यात आहेत, पण सत्तरी-ऐंशीतली. त्यांच्या माळ्यावर पार्ट्सचे कॅटलॉग आहेत, तेलाचे डाग पडलेली मॅन्युअलं आहेत, कुठल्या कारखान्याच्या मागच्या अंगणात साचेही असतील. दिवाळीच्या साफसफाईत हेच सगळ्यांत आधी रद्दीत आणि भंगारात जातं.

माझी एवढीच विनंती आहे. ते देऊ नका. पानांचे फोटो काढा, साच्याची मापं लिहून ठेवा, आणि जागा नसेल तर ठेवणाऱ्याचा पत्ता शोधा. आणि ओळखीत एखादा जुना मेकॅनिक असेल तर या सुट्टीत त्याच्या गॅरेजात जा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि त्याला बोलू द्या. काय विचारावं सुचलं नाही, तर नऊच्या बेरजेपासून सुरुवात करा.